गुलाबी पानं

थेल्मा स्किपवर्थचं अक्षर फक्त मला लागायचं.
पहिलं नाटक तिनं ग्रिम्सबीच्या गोदीतल्या हिशेबाच्या वहीत लिहिलं,
कॉड, हॅडॉक, दोर, डांबर,
आणि प्रत्येक पानाच्या पाठीवर संवाद.
टाइप करताना माझ्या बोटांना आठवडाभर मासळीचा वास.

पबच्या माडीवर प्रयोग. एकोणचाळीस खुर्च्या.
ऐन मरणाच्या प्रसंगात खालून डार्ट लागल्याचा जल्लोष.
एक म्हातारा जाळं दुरुस्त करत बसलेला,
दोन अंक गप्प. शेवटी एवढंच म्हणतो,
"गाठ दिसली की समजावं, इथं फाटलं होतं."
पहिल्या रांगेतला तिचा बाप टोपी घालून उठला, बाहेर गेला.
वाक्य त्याचं होतं.
तिनं विचारलं नव्हतं.

मग लंडन, मग दर गुरुवारची मालिका,
एका नर्सला तिनं सहा वर्षं लग्नावाचून ताटकळत ठेवलं.
मग सिनेमा.

सिनेमात दुरुस्तीच्या पानांना रंग असतात.
निळ्या पानावर गोदी कॉर्नवॉलला गेली, तिथं ऊन बरं पडतं म्हणून.
गुलाबी पानावर म्हातारा तरुण झाला.
पिवळ्यावर बुडाला, कुणाचंसं पोर वाचवताना.
ते वाक्य मी शोधत राहिले;
हिरव्या पानापर्यंत होतं, हॉटेलवालीच्या तोंडी,
पुढं तेही नाही.
थेल्मानं सही केली. घराचं छप्पर गळत होतं,
आणि छपराला कलेतलं काय कळतं?

बापानं क्लीथॉर्प्सला दुपारचा खेळ पाहिला.
"बुडालो झकास," म्हणाला,
"पण उडी मारलीच कशी? मला पोहता कुठं येतं?"
ती हसली. मग भांडी घासायला लागली, घासलेलीच.

आता ती शहात्तरची. फोन येतो तो दातांच्या डॉक्टरचा.
परवा मात्र ग्रिम्सबीच्या एका शाळेनं विचारलं,
ते पहिलं नाटक मिळेल का?
तिच्याकडं प्रत नव्हती.
माझ्याकडं होती, बिस्किटांच्या डब्यात, कार्बनची, जांभळी पडलेली.

रात्रभर वाचली तिनं. कुठंच खाडाखोड नाही.
फक्त त्या वाक्यापाशी पेन्सिल थांबली.
वाक्य खोडलं.
समासात लिहिलं: म्हातारा जाळं उजेडात धरतो.

"एवढं पान पुन्हा टाइप कर," म्हणाली.
घरात कोरा कागद तेवढा गुलाबीच उरला होता.