डावा हात

शनिवारी शाळा सुटली की
पाण्याच्या टाकीमागं आमचं पथक भरतं.
चोवीस पोरं, चोवीस दोऱ्या,
लक्ष्मीपुरीतून वजनावर आणलेल्या,
नव्या असताना तळव्याला टोचणाऱ्या.

उजवं डाव्यावर, खालून वर.
मग डावं उजव्यावर, खालून वर.
अकरा वर्षं मी हेच सांगतोय.
अकरा वर्षं पोरं माझ्याकडं बघत गाठ मारतात
आणि ओढली की ती सुटते.
मी म्हणायचो, लक्ष कुठाय तुमचं?

यंदा सन्मती मगदूम आला, सहावी ब.
वडील शिरोलीला, फाउंड्रीत साचे भरतात.
पोरगं अबोल, स्कार्फचं टोक चघळणारं.
पहिल्याच दिवशी त्याची गाठ बसली,
चपटी, दोन बोटं एकमेकांत अडकवल्यासारखी.
"पुन्हा मार." पुन्हा बसली.
तेव्हा दिसलं, दोरी डाव्या हातात.
मी बघतोय हे त्यानं बघितलं,
झटकन उजव्यात घेतली,
आणि गाठ बिघडली.

डिसेंबरात मसाई पठारावर गेलो.
म्हाळुंग्यातच बाटल्या निम्म्या रिकाम्या,
"सर, अजून किती?" चं भजन चालू.
वर झाड नाही, आडोसा नाही.
वारा असा, की हाक मारली तर
पन्हाळ्यावर कुणालातरी ऐकू जाईल,
शेजारच्याला नाही.
खुंट्या जांभ्यात शिरेनात, दगडांना दोऱ्या बांधल्या.
होकायंत्र दिलं, उत्तर शोधा म्हटलं,
गरुड संघानं ठामपणे कोकण दाखवलं.
भात खाली करपला, वर कच्चा.
चटणी प्रत्येकाच्या डब्यात होतीच,
भागलं.
सन्मतीनं दिवस बुडायच्या आत एकट्यानं खाल्लं.
नंतर सगळ्यांची पातेली राखेनं घासत बसला,
अंधारात, कुणी बघत नाही म्हणून,
डाव्या हातानं.

रात्री दोन तंबू पडले. एक त्याचाच.
गोष्टीत तो टिकला असता.
कापडाखालून सहा पोरं खिदळत निघाली,
मी शिव्या गिळल्या.

सकाळी दीक्षा. झेंडा दवानं ओला.
एकेक जण पुढं येतो, तीन बोटं वर, वचन,
मग हस्तांदोलन, डाव्या हातानं.
रीतच आहे आमची. काळजाच्या बाजूचा हात, म्हणतात.
सगळे चुकतात. उजवा काढतात,
जीभ चावतात, बदलतात.
सन्मतीनंही उजवाच काढला,
पण चुकून नाही.
त्या हातामागं मला ऐकू आलं,
प्रसाद कुठल्या हातानं घ्यायचा?
चमचा इकडं. पेन इकडं. मागं घे तो हात.
त्यातलं एखादं वाक्य माझंही असेल.

मी डावा पुढं धरून थांबलो.
झेंड्याची दोरी काठीवर आपटत होती, टक, टक.
शेवटी त्यानं पाठीमागचा हात काढला.
नखांत रात्रीची राख.
हात गार होता,
पकड माझ्यापेक्षा घट्ट.

परतीच्या एसटीत केर्लीजवळ अंधारून आलं.
मांडीवर दोरी घेऊन गाठ मारत होतो,
सहज खिडकीच्या काचेत बघितलं
आणि अकरा वर्षांचा एकदम ओशाळलो.
मी समोर उभा राहायचो.
कानाला उजवं सांगायचो, डोळ्यांना डावं दाखवायचो.
पोरांचं लक्ष माझ्याकडंच होतं की.

आता शनिवारी मी पोरांकडं पाठ करून उभा राहतो,
हात डोक्याच्या वर, दोरी वर.
मोठ्या बाई जाताना म्हणाल्या, रुसलाय काय कुणावर?
तेवीस जण मागं.
सन्मती एकटा समोर, टाकीच्या कट्ट्यावर,
दोरी त्याच्या डाव्या हातात.
माझी हलते तशी त्याची हलते,
कधी कधी त्याची आधी.
मधेच मी चुकतो.
तो थांबतो.