भिशी लागली तेव्हा

चिठ्ठी निघाली माझ्या नावाची
आणि मी म्हणलं, मिक्सर नको, जोडवी नकोत,
एक रात्र कुणीतरी आपल्याला वाढू द्या.

रविवारी संध्याकाळी होस्टेलची मेस बंद असते.
औसा रोडला, चौथ्या मजल्यावर,
काचेच्या लिफ्टमधून गेलो चौघीजणी.
दैवशालानं डोळे मिटून माझा दंड धरला.
शमीमनं लेकीच्या लग्नातलं अत्तर लावलेलं.
शिवकांता सकाळपासून लिंबाची फोड
बोटांवर घासत होती, कांद्याचा वास जावा म्हणून.
गेला नव्हता.

वरून लातूर असं दिसलं,
जशा ज्वारीच्या लाह्या फुटून परातीबाहेर सांडल्यात.
"तो बघ, मिणमिण करायलाय, तो आमच्या डीपीचा,"
शिवकांता म्हणली, आणि कुणी खोटं पाडलं नाही तिला.

खुर्च्या इतक्या मऊ
की दैवशाला कडेवरच टेकली, उठायला सोपं म्हणून.
"नीट बस की गं. इथं कुणी हाक मारायचं नाही तुला."
ती मागं सरकली.
जराशीच.

काळ्या शर्टातलं पोरगं आलं, मान वहीत घालून.
"मॅडम, पाणी कोणतं? बाटलीचं का साधं?"
"ज्या गावाला पाणी रेल्वेनं आलं," शमीम म्हणली,
"तिथं साधं पाणी कोणतं रे बाबा?"
आम्ही हसलो. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं वळून बघितलं.
मग आणखी हसलो.

मेन्यू लग्नाच्या अल्बमएवढा जड.
किमतीवर अंगठा ठेवून मी नावं वाचली.
शिवकांताच्या गळ्यात इष्टलिंग,
तर सगळं शाकाहारीच आण, हे शमीमनंच सांगून टाकलं,
कुणी विचारायच्या आत.

रोट्या आल्या, टोपलीत, कापडात गुंडाळून.
चौघींनीही आधी उलटून बघितल्या.
"ही बाजू कच्चीय."
"नुसता मैदा."
"तिंबलंच नाही गं, भिजवून सोडलंय."
आणि मग एकदम गप्प.
गरम होती.
तेरा वर्षं रोज हजारभर चपात्या भाजून
आमच्या ताटात पडते ती शेवटची, गार, कडेला वाळलेली.

दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं मान वर केली.
शमीम माझ्या कानाशी लागली, "सहावाला."

नावं आम्हाला माहीत नसतात कुणाची.
दोनवाली, भातवाला, तूप-नकोवाला.
हा सहा खायचा, वर वाटी तोंडाला लावून आमटी प्यायचा.
फेब्रुवारीत चारवर आला.
एप्रिलात दीड.
क्लासच्या भिंतीवर त्यांचे तक्ते होते, मार्कांचे, नंबरांचे.
आम्हाला उरलेल्या टोपलीत आधीच कळायचं.
निकालानंतर तो जेवायला आला नाही, एवढंच.
डाळ थोडी कमी टाकली दुसऱ्या दिवशी.

"मावशी," तो म्हणला, पाणी ओतता ओतता,
"गावाकडं सांगू नका."
कुणाला सांगणार?
आम्हाला त्याचं गावच माहीत नव्हतं.

दैवशाला उठलीच खुर्चीवरून.
मला वाटलं आता ही रडती, नाहीतर पोराला बसवती जेवायला,
आणि तो मॅनेजर तर इकडंच बघायला.
तिनं फक्त विचारलं, "किती खातोस रे आता?"
एका हातात ट्रे.
दुसऱ्या हाताची चार बोटं वर केली त्यानं.
"बरं हाय," ती म्हणली,
आणि बसली,
पार मागं टेकून.

बिलासोबतची बडीशेप शिवकांतानं रुमालात बांधून घेतली,
डबीसकट घेत होती, मी हात धरला.
भिशीतले ऐंशी रुपये उरले. ते शमीमनं
ट्रेखाली सरकवले, बघितलं न बघितलं करून.

साडेचारला कणीक भिजवायची होती.
उतरताना लिफ्टमधे दैवशालाचे डोळे उघडे,
ओठ हलायले.
"काय मोजायलीस गं?"
"मजले," म्हणली.