मयताचा पत्ता लागत नाही

आर्लेटने लॅपटॉप माझ्या बाकावर ठेवला,
उघड्या घड्याळांच्या मधोमध,
म्हणाली, बाबा, आता तुमच्याकडची माणसं.

हवाई दलाला तिचे डोळे चालले, दात चालले,
गुडघ्याची जुनी शस्त्रक्रियासुद्धा चालली.
आता आम्ही चालतो का, तेवढं बघायचं होतं.

पूर्ण नाव. जन्मतारीख. जन्मगाव. हल्लीचा पत्ता.
बोलणं होतं का? किती वेळा? शेवटचं कधी?
तिकडच्या सरकारशी, सैन्याशी काही संबंध?

लिही, म्हटलं, बाप.
इराणी सैन्याने अठराव्या वर्षी केस भादरले, बूट दिले,
डाव्या-उजव्यात एका नंबराचा फरक होता.
तुझे नातेवाईक कोण, असं तिथे कुणी विचारलं नाही.
तिथे नापास कुणालाच करत नसत.

तिची बोटं थांबली.
बावीस वर्षं माझ्या हातचं जेवली पोरगी,
आणि हे तिला एका रकान्याने सांगितलं.

सेरोझ काका?
माझ्याआधी दोन वर्षं गेला, दक्षिणेच्या दलदलीत.
पत्र आलं, पेटी आली नाही.
आईने साखरेच्या कुपनवहीतून त्याचं नाव
शेवटपर्यंत कमी करू दिलं नाही.
आर्लेटने 'मृत' वर खूण केली
आणि पुढचा रकाना आपण होऊन मिटला.
मयताचा पत्ता लागत नाही, ती म्हणाली.
नाहीच लागला, मी म्हणालो.

मग उरली हास्मिक.
इस्फहानात, जुल्फ्यात, चर्चमागच्या गल्लीत.
दर रविवारी चाळीस मिनिटं,
त्यातली तीस पनीरच्या भावावर.
नातं जवळचं की लांबचं?
बारा हजार किलोमीटर लांबची, सख्खी.

तिलाही मृत लिही, मी म्हणालो.
किती मुकाट मिटतो रकाना, ते नुकतंच पाहिलं होतं.
पोरीचं काम झालं असतं.
आर्लेट माझ्याकडे बघत राहिली,
मी डोळ्याला भिंग लावलं, उगाच.
बाबा, ती म्हणाली,
मेलेलं माणूस एवढं बोलत नाही.

तारीख मात्र मला ठाऊक नव्हती.
रात्री फोन लावला.
तीन मेहेर, तेराशे एकेचाळीस, हास्मिक म्हणाली,
आजवर कधी विचारलं नाहीस, आज कोण विचारतंय?
तारेत नेहमीची खरखर होती.
तिच्या बाजूलाही कुणाचे कान असतीलच.
आर्लेट विचारतेय, मी म्हणालो,
तुझ्या वाढदिवसाला फोन करायचाय तिला.

पंचवीस सप्टेंबर, एकोणीसशे बासष्ट, आर्लेटने टाइप केलं.
फॉर्ममध्ये एकही खोटं गेलं नाही.
गेलं ते फोनवर.

पुढे एक बाई आली, पातळ फाइल घेऊन.
आधी समोरच्या मिसेस माग्सायोंकडे गेली.
त्यांनी सांगितलं, माणसं भली आहेत,
फक्त रविवारी सकाळी मोठ्याने बोलतात.
मग माझ्यासमोर बसली, पाणी घेतलं, खाऊ नाही घेतला.
तुमच्या बहिणीवर कुणी दबाव आणला, तर तुम्ही काय कराल?
चाळीस वर्षं हाच प्रश्न मी उशीखाली ठेवून झोपतो.
माहीत नाही, मी म्हणालो.
तिने ते लिहून घेतलं, आणि पहिल्यांदा हसली.

सप्टेंबरात आर्लेट प्रशिक्षणाला गेली होती.
पंचवीस तारखेला मीच फोन लावला.
हास्मिकने पहिल्या घंटीला उचलला.
तू? पोरगी कुठेय?
कामात आहे.
कुठे, वाहिक? कुठल्या गावात?
मी बाकावरची घड्याळं बघत राहिलो.
पत्ता माझ्या खिशात होता,
तिच्या हस्ताक्षरात, चार ओळींचा.

पनीरचा भाव काय चाललाय, मी विचारलं.