पिवळी प्रत

सामना संपला की शीटच्या प्रती फाडायच्या.
वरची पांढरी संघटनेची,
गुलाबी जिंकणाऱ्यांची,
पिवळी हरलेल्यांची.
एकोणतीस वर्षं मी हेच केलं,
घणसोलीत, वाशीत, एकदा थेट लातूरला,
टेबलापाशी, दोन रंगांची पेनं घेऊन.
खेळलो कधीच नाही. माझी उंची पाच फूट तीन.

दमयंती मढवीला मी पाच पिवळ्या प्रती दिल्या.
पाच फायनल.
पाचही वेळा तिने नीट घडी घातली,
अंगाऱ्याच्या पुडीसारखी,
आणि मोज्यात खोचली.

परवा घणसोलीच्या कोर्टाबाहेर
पोरं वाद घालत होती, उसाच्या रसाचे ग्लास हातात:
अमेरिकेतल्या कुणाच्या बोटांत किती अंगठ्या,
आणि अंगठी नसलेल्याला थोर म्हणायचं का.
एक म्हणाला, "कप नाही तर काय नाही."
दुसऱ्याने मोबाईलवर सरासरी काढून दाखवली.
मी दोघांकडे बघून मान हलवली.
मोजणाऱ्या माणसाची ही खोड,
आकडा दिसला की मान हलते.

त्यांना कुठं माहीत,
ते उभे आहेत त्या सिमेंटखाली
मढव्यांचं भाताचं खाचर होतं.
फ्री थ्रोची रेघ साधारण बांधावरून जाते.
सिडकोने आखलं, रोलर फिरवला, रिंग लावली,
आणि बाप म्हणाला, "जा, आपल्याच शेतात खेल."
साडेबारा टक्के पुष्कळ वर्षांनी आले.
कप आलाच नाही.

चौथी फायनल सांगतो.
ठाण्यात, दिव्यांखाली, किडे पेनाच्या टोकाशी.
एकसष्ट-बासष्ट. सात सेकंद.
दमयंतीच्या अंगावर तिघी.
अख्ख्या मैदानाला ठाऊक, बॉल कुणाच्या हातून सुटणार.
मी तर तिच्या नंबरासमोर पेन टेकवूनच बसलेलो.
तिने उडी घेतली, आणि हवेत असताना
डोळे एकीकडे, मनगट दुसरीकडे,
बॉल कोपऱ्यातल्या तरन्नुमकडे.
सोळा वर्षांची, ऐरोलीची, मोकळी.
तिच्यासमोर कुणाची सावलीसुद्धा नव्हती.
बॉल रिंगवर दोनदा टेकला,
पिंडाशी आलेल्या कावळ्यासारखा,
आणि न शिवता उडून गेला.

नियम असा: बास्केट झाली तर पासची नोंद.
नाही झाली, तर तो पास झालाच नाही.
शीटवर लिहायला काही नव्हतं.
मी रेघा मारल्या, बेरीज तपासली, सह्या घेतल्या.
पिवळी प्रत फाडली.

जिंकलेल्यांची कप्तान, चार कपांची धनीण,
गेल्या वर्षी वाशीच्या आरटीओत रांगेत भेटली.
म्हणाली, "ते गुलाबी कागद कुठे गेले कोण जाणे.
पण तो पास... मी तिच्या इतकी जवळ होते,
तिचा श्वास ऐकू येत होता.
मला अजून कळत नाही,
तिने त्या पोरीला पाहिलं कुठून."

हे मी दमयंतीला सांगायला गेलो.
वाटलं, बरं वाटेल.
ती पालिकेत, मालमत्ता कराच्या खिडकीमागे,
जेवणाची सुट्टी, डब्यात बोंबील.
तिने ऐकून घेतलं. काटा बाजूला काढला.
"मना कप पायजे व्हता, भाऊ.
पाची टायमाला पायजे व्हता.
तुमी आता हरन्याला देवाऱ्यात नका बसवू."

मी गप्प. पंख्याचा आवाज.
कुणाचं तरी फाईलवर शिक्के मारणं चालू.

मग डबा बंद करता करता,
झाकण बसत नव्हतं, त्यावर तळवा दाबून,
"पन पोरगी मोकली व्हती ना?"

होती, मी म्हटलं.

"मंग?"

तिने चष्मा लावला, खिडकी वर सरकवली.
रांगेतला पहिला माणूस
तीन वर्षांची थकबाकी घेऊन उभा होता.