रेघ

टोकोरोआच्या पुढे, पाइनच्या तोडीवर
पहाटे साडेपाचला मी व्हॅन उभी करते.
संडासाच्या टाकीत निळी गोळी टाकते,
नळाला चिकटपट्टी लावते,
पेल्यावरची तापमानाची पट्टी बघून घेते.
माणसांना पाण्यात पाहणं हे माझं काम.
वैर कुणाशीच नाही.

येणारा प्रत्येक जण एकच विचारतो,
बुटांचा चिखल झटकत, दुसरीकडे बघत:
गांजा किती दिवस राहतो?
मी म्हणते, माणसावर आहे.
चुकून एकदा ओढला तर तीन-चार दिवस,
शनिवार-रविवारवाल्याला आठवडा, जास्तही.
रोजच्याला महिना, कधी त्याच्याही पुढे.
दारू वाहून जाते. हा मुरतो.
चरबीत मुरतो, बरणीत लोणचं मुरावं तसा,
आणि मग थेंबाथेंबानं बाहेर येतो
स्वतःच्या सवडीनं.
व्हिनेगर प्या, बादलीभर पाणी प्या,
त्याला कुणाची घाई नसते.

होहेपा चौदा वर्षं करवत चालवतोय.
संध्याकाळची एक, रोजची; लपवलं कधी नाही.
त्याचा धाकटा भाऊ पिरिपी एप्रिलमध्ये
उतारावरून सुटलेल्या ओंडक्याखाली गेला.
अपघात झाला की तिथल्या सगळ्यांचं पाणी घ्यायचं, असा नियम.
मीच घेतलं.
होहेपाचा हात हलत होता, पण पेला सांडला नाही.
रेघ उमटली नाही.

इथे लोक उलटं समजतात, म्हणून सांगते:
रेघ उमटली म्हणजे अंगात काही नाही.
रेघ नाही, म्हणजे आहे.

आदल्या रात्री गाडीचं मागचं फळकं पाडून
दोघं त्यावर बसले होते,
एकच जॉइंट आळीपाळीनं ओढत.
काय बोललात, असं मी विचारलं नाही.
तोच म्हणाला, "कार्बोरेटरचं.
साला, रात्रभर कार्बोरेटरचं बोललो."

मराएवर तीन दिवस सगळे मयतापाशी बसले.
मी दुसऱ्या दिवशी बटाट्याचं सॅलड घेऊन गेले,
दारातच देऊन आले.

मग तो कामावरून बंद.
दर आठवड्याला दवाखान्यात येऊन पेला भरायचा.
बाराव्या दिवशी रेघ नाही.
एकोणिसाव्या दिवशी नाही.
सव्विसाव्या दिवशीही नाही, आणि मला काळजी लागली.
घराचे हप्ते, दोन पोरं,
मुकादमाचा दर सोमवारी फोन.
"पुन्हा ओढतोस का रे?"
"नाही. त्या रात्रीनंतर नाही."
लॅबचा आकडाही तेच सांगत होता:
दोनशे दहा, एकशे तीस, एकोणऐंशी.
मी म्हटलं, धीर धर, पन्नासाच्या खाली आलास की सुटलास.
तो आकड्याकडे बघत होता
बँकेच्या पुस्तकातली शिल्लक बघावी तसा.
तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तेहतिसाव्या दिवशी रेघ आली.
फिकी. उजेडाकडे धरली तर दिसेल, इतपत.
नियमात फिकी असं काही नसतं, रेघ ती रेघ.
मी शिक्का मारला,
म्हटलं, सोमवारपासून जा.

तो उठला नाही.
पट्टी हातात घेतली, जी घेऊ द्यायची नसते,
आणि म्हणाला,
"फिकी आहे म्हणजे अजून थोडा आहे ना आत?"

सतरा वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.
बाहेर लाकडाचा ट्रक गिअर बदलत चढ चढत होता.
आहे, मी म्हटलं. पट्टीला दिसत नाही, इतका.

"किती दिवस?"

भिंतीवर तक्ता होता, मी बघितला नाही.
म्हटलं, वाळू नकोस.
पोटभर जेवत जा.