हद्दीचा दगड

लोंढ्याच्या यार्डात, सात नंबरच्या लायनीपल्याड
चुना फासलेला एक दगड आहे.
माझा कायदा तिथपर्यंत चालत येतो
आणि मागं फिरतो.

अलीकडे मी हेडकॉन्स्टेबल हुद्दार, रेल्वे सुरक्षा दल,
खांद्यावर दिल्लीची पट्टी.
वॉरंटाशिवाय धरू शकतो
रुळावरनं चालणाऱ्याला, उगाच साखळी ओढणाऱ्याला,
टपावर चढणाऱ्याला.
पलीकडे नुसता निंगोजी,
नंदगडच्या बाजारात मिरच्यांचा भाव विचारणारा.

द्रौपदाला मी दोनदा धरलंय.
वास्कोहून कोळसा येतो, वाघिणी वळणावर हिंदकळतात,
सांडलेलं ती पाटीत वेचते.
सांडलेला कोळसासुद्धा रेल्वेची मालमत्ता,
कायदा सहासष्ट सालचा, कलम तीन.
पाटी तोलली : साडेचार किलो.
पंच दोन, एक हमाल, एक चहावाला.
पंचनामा हिंदीत लिहिला,
तिला मराठीत वाचून दाखवला.
तिनं अंगठा उठवला.
शाईची गरज पडली नाही.

दिवस मावळल्यावर बाईला अटक करायची नाही,
चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं,
का धरलं ते सांगायचं,
घरी कळवायचं.
पाठ आहे मला हे सगळं.
घरी कळवलंही.
तिथंच चुकलं की काय, कोण जाणे.

परवा रात्री, गोव्याची गाडी गेल्यावर,
दगडापल्याड वीस पावलांवर
रवळू तिला फळीनं मारत होता.
मी शिट्टी फुंकली.
त्यानं वळून दगडाकडं बोट केलं,
"साहेब, ही हद्द तुमची न्हवं.
आउटपोस्टला फोन लावा की."
लावला.
जीप बेळगावला होती, एक तारखेच्या बंदोबस्ताला.

ट्रेनिंगला एक कलम शिकवलं होतं,
घाईत, जेवणाची घंटा झाल्यावर :
डोळ्यांदेखत असा गुन्हा घडला
तर कुणीही,
म्हणजे भाजीवालासुद्धा, म्हणाले होते मास्तर,
गुन्हेगाराला धरून पोलिसांच्या हवाली करू शकतो.

मी टोपी काढून दगडावर ठेवली.
धाडस-बिडस काही नव्हतं. पाय लटपटत होते,
आणि डोक्यात एकच, डायरीत काय लिहायचं.
पहिली फळी माझ्याच मनगटावर बसली.
दुसरी त्याला मारता आली नाही.

पहाटे आउटपोस्टचा हवालदार आला.
कन्नडात लिहून घेतलं, म्हणाला, अंगठा दे.
द्रौपदा म्हणाली, "आधी वाचून दाखवा.
ह्यांनी दाखवलं होतं तसं."
तो माझ्याकडं बघत राहिला.
मग तुटक्या मराठीत, बोट ठेवून ठेवून,
एकेक ओळ.
एका जागी ती म्हणाली, "तसं न्हाई, दोनदा मारलं न्हाई,
मोजलंच न्हाई मी."
त्यानं खोडलं.

आज मेमो आलाय :
ड्यूटी सोडून कोणत्या अधिकारानं हद्द ओलांडली,
तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा.
कागद समोर आहे.
मनगट सुजलंय.
वेळ लागेल.