गाडी पासिंगला न्यायची

पंधरा वर्षं होऊन वर चार महिने गेले.
आरसीवरची तारीख पोळ्यालाच संपलेली,
मला दिसली परवा.

वाजिद मिस्त्रीनं गाडीभोवती एक फेरी मारली,
गाय माजावर आहे का बघताना मी मारतो तशी,
शेपटाकडून सुरुवात करून.
"डॉक्टर, हिला पास करायची तर
आधी तुमचं सगळं उतरवावं लागंल हिच्या अंगावरून."

मी डॉक्टर नाही.
नायट्रोजनच्या कॅनमधे बैल घेऊन हिंडणारा माणूस,
देवणी, लाल कंधारी, काडीएवढ्या नळीत एकेक.
पण सेलूपासून वालूरपर्यंत
दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही.

कॅनसाठी वेल्डिंग केलेला लोखंडी पिंजरा
कटरनं कापला. ठिणग्या उडाल्या.
त्याच्याखाली एक हात पट्टा निघाला काळ्या रंगाचा,
नवाकोरा,
ज्याच्यावर ऊन पडलंच नव्हतं कधी.

मडगार्डच्या आतून स्क्रूड्रायव्हरनं माती काढली.
थरावर थर. वरची यंदाची, चिकट,
तिच्याखाली दुष्काळाची, पिठासारखी,
तिच्याखाली सरकीसकट कापसाचा एक बोळा.
"पाच एकर रान घेऊन फिरताय की," वाजिद म्हणाला.

मीटर बंद होतं कधीपासून.
त्यानं भंगारातलं एक बसवलं,
एकसष्ट हजार दोनशे आठ,
दुसरंच कुणीतरी हिंडलेलं.

इंडिकेटर मी कधी वापरला नाही.
वळायच्या आधी पाय काढतो बाहेर,
आणि तेवढंही लागत नाही,
गावाला माहीत असतं आज कुणाची गाय.
टाकीवरचा शिंगाचा पोचा तेवढा राहू दिला.
त्याला कायदा नाही म्हणे.

चेसिस नंबरवर गंज. रॉकेल, पॉलिश पेपर, पुन्हा रॉकेल.
शेवटून दुसरा आकडा तीन का आठ
यावर आम्ही दोघं चष्मे पुसत बसलो.
मग त्याची पोरगी, मुबशिरा, नववीतली,
कंपासपेटीतली पेन्सिल घेऊन आली.
कागदाची पट्टी लोखंडावर धरली
आणि आडव्या शिशानं हळूहळू घासत गेली.
"जोर नाही करायचा, अब्बा. जोर केला की फाटतं."
धुरातून माणसं यावीत तसे आकडे आले.
आठ.

राहिला सायलेन्सर.
भोक पडून सहा वर्षं झालेली.
नवीन बसवला. किक मारली
तर गाडी चालू आहे का नाही हे बघायला
मला हात लावून बघावा लागला.

आयटीआयच्या मैदानावर कॅम्प.
इन्स्पेक्टर मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या.
हॉर्न. हेडलाइट. ब्रेक. उजवं. डावं.
पेन्सिलची पट्टी नंबराशी लावून बघितली.
"एकसष्टच हजार? पंधरा वर्षांत?"
माझ्या रजिस्टरला अकरा हजारांवर गाई आहेत, मॅडम,
असं तोंडात आलं होतं.
गिळलं. पास व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी डासाळ्याला गेलो,
कॅन मागच्या सीटवर, ट्यूबनं आवळून.
गयाबाई शेवाळे कॅनॉलच्या पुलावरच माझा आवाज धरते,
मी दारात येईस्तोवर
गाय खोड्यात आणि पाणी चुलीवर.
आज गाय मोकळी होती. चूल थंड.
कुत्रं भुंकलं माझ्यावर,
त्याच्या अख्ख्या जन्मात पहिल्यांदा.

"अगं बया! कधी आलास? पायी आलास का काय?"
ती पदर खोचत पाण्याला धावली.

मी थर्मामीटर घेऊन उभा.
सदतीस यायला वेळ होता.
चावी काढायची राहिलेली, उजवीकडचा इंडिकेटर चालूच,
पिवळा, थांबून थांबून,
आणि गाय
मान वळवून त्याच्याकडे बघत होती.